मावशीनं लपवलेली पिशवी

आमचा फ्लॅट शहरात, द्वारका नावाच्या चौकाच्या अगदी तोंडावर. खालून दिवसभर मुंबईच्या, धुळ्याच्या, पुण्याच्या गाड्या जातात आणि आम्ही मात्र कुठेच जात नाही. चौक ओलांडतानाच अर्धा जीव जातो, पुढचा प्रवास कोण करणार? कुठं निघायचं म्हटलं की मला आधी परत कसं यायचं याचीच काळजी.

माझी मावशी कळवणच्या पुढे, मळ्यात राहते. दवाखाना असो, बांगड्या असोत, तिला एसटी धरल्याशिवाय काही मिळत नाही. म्हणून अंतराचं तिला काहीच वाटत नाही. "लांब कशाचं गं? बसलं की आलं!" आई होती तोवर मावशी मेथीच्या जुड्या घेऊन आमच्याकडे यायची आणि चांगली चार दिवस राहायची. आई गेली, माहेर म्हणून मला तीच उरली.

मी मात्र तिच्याकडे सकाळी जाऊन संध्याकाळी परत. एक मुक्काम कर, एवढंच तिचं मागणं. तिकडे पाहुणा निघाला की त्याची पिशवी लपवतात, आणि मावशी त्यात पटाईत. कधी धान्याच्या कोठीमागे, कधी थेट गोठ्यात! मागच्या खेपेला मी भडकलेच. "हा काय पोरखेळ, मावशी? पुन्हा असं केलंस तर येणारच नाही!" तिनं गुपचूप पिशवी आणून दिली.

मग तिचे गुडघे गेले, तिचं अधूनमधून येणंही थांबलं. वर्षभर मी फोनवर नुसतं "येते, येते" करत राहिले. शेवटी माझी मलाच लाज वाटली. दोन दिवसांचे कपडे भरले आणि गेले. राहणार आहे हे मुद्दाम सांगितलं नाही, म्हटलं गंमत करू.

दुपारी चहाचे कप विसळून बाहेर आले, तर माझी पिशवी दारात, चपलांशेजारी. वर शेंगांची पुरचुंडी ठेवलेली.

"साडेचारची गाडी हाय. निघ पोरी, तुला उशीर नको व्हायला."

मला गलबलून आलं. इतकी वर्षं जी पिशवी मी चिडून घरभर शोधली, ती आज समोर होती आणि मला बघवत नव्हती. मी ती उचलली, आत गेले आणि कोठीमागे सरकवून आले.

"मावशी, माझी पिशवी कुठं दिसली का गं?"

ती दाराला धरून उभी होती. तिनं कोठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नाय बाई," पदरानं डोळे पुसत ती म्हणाली, "मी तर नाय बघितली."