बाहुलीघराची काचपेटी

सुतारकाम अवघड असतं, असं फक्त सुतारच म्हणतात. मी नागावच्या शाळेत भूमिती शिकवत असे. चौकोन म्हणजे माझ्या हातचा मळ! त्यामुळे मुंबईच्या मेव्हण्यानं आमच्या यमूला दुमजली लाकडी बाहुलीघर पाठवलं, आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या मांजरीनं त्याची माडी बळकावली, तेव्हा मी जाहीर केलं, "या घराला मी काचेची पेटी करतो."

"अहो, गोपाळ सुताराला बोलवा ना," ही म्हणाली.

"पेटीला सुतार? अगं, सहा बाजू, बारा कडा, आठ कोपरे. संपलं!"

संपायला अकरा दिवस लागले. (त्यातले दोन अंगठा सुजल्यामुळे गेले.) खोक्याच्या फळ्या तासल्या, अलिबागेहून मांडीवर घेऊन आणलेली काच पुढं बसवली, बाहुलीघर आत ठेवून चहूकडून खिळे ठोकले. मुंगी शिरली असती तर मी भूमिती सोडली असती!

पेटी झाल्यापासून चौथ्या दिवशी चौलला हिच्या चुलत बहिणीचं लग्न. गाडी दारात उभी. ही शालू नेसून डबी उघडते, तर नथ नाही! नथ माझ्या सासूबाईंनी दिलेली, आणि सासूबाई मांडवात हजर असणार.

"यमे, माझी नथ पाहिलीस?"

"नवरीच्या नाकात आहे."

"कुठल्या नवरीच्या?"

यमूनं काचेकडे बोट दाखवलं. माडीवर चिंध्यांची बाहुली बसली होती, आणि नथ तिच्या पोटापर्यंत लोंबत होती!

"काढा ती," ही मला म्हणाली.

मी पेटी पुढून पाहिली, मागून पाहिली. आठ कोपरे होते. दार करायचं राहिलं होतं!

हिनं वरवंटा उचलला. मी काचेपुढं आडवा झालो. यमूनं भोकाड पसरलं. बाहेरून गाडीवाला ओरडला, "मास्तर, उन्हं चढली! निघायचं हाय का न्हाय?"

शेवटी मीच अनवाणी धावत जाऊन गोपाळला आणलं. त्यानं पेटीभोवती एक प्रदक्षिणा घातली.

"मास्तर, दार कुठं हाय?"

"दार कशाला? ही बघायची पेटी आहे! आणि जपून हं, काम पक्कं आहे. पटाशीशिवाय निघायचं नाही."

"बरं," म्हणत त्यानं वजन बघायला पेटी जरा उचलली. पेटी वर आली. तळाची फळी मात्र जमिनीवरच राहिली, आणि तिच्यावर बाहुलीघर, नवरी, नथ, सगळं जागच्या जागी! माझा एकही खिळा तळापर्यंत पोचला नव्हता.

गोपाळ हसला नाही. (माणूस भला.) फक्त म्हणाला, "नशीब मास्तर, तुम्ही ठोकलीत. मी ठोकली असती तर आज निघालीच नसती!"

लग्न वेळेवर गाठलं. पंगतीत सासूबाईंनी नथीकडे समाधानानं पाहिलं. तेवढ्यात शेजारच्या पाटावरून सासरे म्हणाले, "जावईबापू, तुम्ही सुतारकाम करता म्हणे? आमच्याकडे एक देव्हारा करून द्या की!"

मी छाती फुगवून 'हो' म्हणणार, तोच वाढता वाढता ही म्हणाली, "घ्याच करून, बाबा! यांच्या देव्हाऱ्यात देव कधी अडकून पडायचे नाहीत."

सगळी पंगत माझ्याकडे बघू लागली. मीही काही कमी नाही. हिच्याकडे करड्या नजरेनं पाहून मी ठणकावून सांगितलं, "जिलबी वाढ!"