न झिजलेली नाल
कुणी चौकटीवर घोड्याची नाल ठोकताना दिसलं, की मला माथेरानला पाहुण्यांना फिरवणारा आमचा पांढरा घोडा आठवतो. एका वर्षी मे महिन्यात रेल्वेचा संप लांबला आणि ऐन सीझनला नेरळ स्टेशन ओस पडलं. सरकारी कचेरीतला एक कारकून वही घेऊन आमच्या तबेल्यात आला. पाहुण्यांवाचून आम्ही किती दिवस तग धरू, हे त्याला लिहून न्यायचं होतं. वडिलांनी घोड्याचा पाय उचलून दाखवला. “एरवी म्हैन्यात झिजती. बगा, अजून नवी हाय.” कारकुनाने वही मिटली. तो गेल्यावर वडिलांनी पकडीने ती नाल काढली, कारण विकलेल्या घोड्याची एक नाल घरी ठेवायची आमची रीत, आणि घोडा कशेळ्याच्या बाजारात नेला. लोकांच्या दारावर झिजलेली नाल असते. आमची अजून नवी आहे.