हॅना प्रॉथरोचा बिनधुण्याचा सोमवार

हॅना प्रॉथरोचं नाव आज आमच्या दरीत कुणीही घेतं, आणि घेणारा प्रत्येक जण पदरच्या दोन गोष्टी घालूनच सांगतो. मी तिच्या भिंतीला भिंत लावून जन्म काढलाय, तेव्हा माझ्याकडून ऐका. मी गेनॉर पॅरी. गोड बोलायची मला सवय नाही, हे आधीच सांगून ठेवते.

हॅना अंगानं आडदांड. कोळशाचं पोतं एका दमात उचलून परसात नेऊन टाकायची. कुणाच्या घरी बाळ येणार असलं की बोलावणं तिला, आणि कुणी गेलं की शेवटची अंघोळ घालायलाही तीच. गाणं मात्र तिला औषधाला येत नव्हतं. आम्हा वेल्सच्या लोकांत पाळण्यातलं पोरदेखील सुरात रडतं, आणि ही चॅपलमध्ये तोंड उघडायची तेव्हा पुढच्या बाकावरच्या बायका वळून बघायच्या. तिला त्याचं काही नसायचं. देवानं दिलाय तो आवाज, त्याचा त्यानं ऐकून घ्यावा, म्हणायची.

तिचा नवरा आयवर. तीस वर्षं खाणीत काढली आणि बक्षीस म्हणून छातीत कोळशाची भुकटी घेऊन घरी बसला. माडीवरच्या खोलीत खिडकीशी त्याची खुर्ची, आणि खिडकी बारा महिने बंद. कारण आमच्या आळीच्या बरोबर डोक्यावर, टेकडीच्या उतारावर कंपनीची कोळसा चाळायची मोठी चाळणी होती. वर छप्पर नाही, बाजूला आडोसा नाही. वारा वरून सुटला की सगळी भुकटी आमच्या परसात. खिडकी बोटभर उघडली तरी आयवरला अशी ढास लागायची, की भिंतीपलीकडे मी हातातलं काम सोडून कान देत बसायची. आयवर थट्टेखोर माणूस. एकदा एप्रिलची हवा छातीभर घेऊ दे, मग खुशाल पुरा मला, असं तो हसत हसत सांगायचा. हॅना त्या थट्टेला कधी हसली नाही.

चाळणीला शेड बांधा म्हणून तिनं कंपनीकडे खेटे घातले. उत्तर मिळालं, कौन्सिलनं नोटीस काढली तर विचार करू. आणि कौन्सिलात आमच्या वॉर्डाचे सभासद कोण, तर एलायस साहेब, त्याच कंपनीचे हेडक्लार्क. कुंपणच शेत खातंय म्हटल्यावर दाद मागायची कुणाकडे? तेव्हा एकतीस सालच्या निवडणुकीला हॅना मजूर पक्षाकडून स्वतःच उभी राहिली. युनियनच्या हॉलात काही बाप्ये मिशीत हसले. बाई कौन्सिलात जाऊन काय पडदे शिवणार, असंही एक जण बोलला. हॅना त्याला म्हणाली, तुझ्या पाचही पोरांना पहिली चापट मीच मारलीय, सहावी तुला मारू का? त्यानंतर तिथे कुणी हसलं नाही.

एलायस साहेबांकडे मोटार होती. म्हाताऱ्याकोताऱ्यांना मोटारीतून मतदानाला नेणार, असं त्यांनी जाहीर केलं. लोक काय, मोटारीत त्यांच्या बसणार आणि मताची फुली हॅनाच्या नावापुढे मारणार, त्यामुळे मोटारीची भीती नव्हती. भीती निराळीच होती. त्या वर्षी मतदान आलं सोमवारी.

सोमवार म्हणजे धुण्याचा दिवस. खाणीतल्या माणसांचे कपडे, आठवड्याच्या चादरी, सगळं त्या दिवशी. पहाटे हंड्याखाली जाळ घालायचा, दुपारपर्यंत घासायचं, पिळायचं, संध्याकाळपर्यंत दोरीवरचं राखायचं. जेवायला रविवारचं उरलेलं थंड मटण आणि उकडलेले बटाटे, कारण चुलीशी उभं राहायला कुणाला फुरसत असते? वाऱ्याचा सोमवार आला आणि बाई ओले हात पुसून गावात हिंडायला गेली, तर तिचं नाव वर्षभर तोंडी लावायला पुरायचं. तीन वर्षांमागे असंच सोमवारी मतदान झालं, तेव्हा आमच्या आळीतल्या साठ बायकांपैकी अकरा जणी गेल्या होत्या. हॅनाची सगळी भिस्त तर बायकांवरच.

युनियनचा सेक्रेटरी म्हणाला, आपण पोरी पाठवू, त्या घरोघरी धुणं धुतील आणि बायका मत देऊन येतील. हे एलायस साहेबांच्या एजंटाच्या कानावर गेलं. तो टाय घट्ट करत आला आणि म्हणाला, मतदाराचे कपडे धुणं ही कायद्यानं लाच आहे, निवडणूक रद्द करून घेईन. खरंखोटं कोण जाणे, पण सेक्रेटरीनं शेपूट घातली.

शुक्रवारी चॅपलच्या मागच्या खोलीत हॅनानं बायकांना जमवलं. लांबलचक बोलणं तिला जमायचं नाही. ती म्हणाली, "सव्वीस साली आपल्या पुरुषांनी सात महिने संप केला आणि आपण तो उपाशी पोटी निभावला. मी तुमच्याकडे एक दिवस मागते. या सोमवारी धुणं बंद. साठांतल्या एकीच्याही दोरीवर कपडा दिसता कामा नये."

सगळ्या तिच्याकडे अशा बघायला लागल्या, जणू तिनं बायबलच फाडलं. माझ्या तर अंगाचा तिळपापड झाला. आता माझं सांगते. आळीत सगळ्यांच्या आधी धुणं दोरीवर पडायचं ते माझं. थोरल्याच्या बाळंतपणानंतर बाराव्या दिवशीसुद्धा पहिली दोरी माझी होती. लोक माझ्या चादरी बघून घड्याळं लावायचे. मी उठून म्हटलं, "हॅना, मत माग, देते. माझा सोमवार मागू नकोस."

"तुझा सोमवारच हवाय गेनॉर," ती म्हणाली. "तू थांबलीस तर सगळ्या थांबतील."

मग एकेकीचा हात वर जायला लागला. सगळ्यांचे वर गेल्यावर माझा एकटीचा खाली कसा राहणार? मीही केला. मनात नव्हतं, पण केला. वचन ते वचन, हे मला कळत होतं.

सोमवार उजाडला तो असा, की काय सांगू. आभाळ घासून ठेवलेलं, आणि पश्चिमेचा खणखणीत कोरडा वारा. असा वारा वर्षातून चारदा मिळतो. मी पाचला उठले आणि हात मांडीवर ठेवून बसले. कुठे बादली वाजत नव्हती. सबंध आळी सुतक पडल्यासारखी गप्प. सहा वाजले. नुसत्या चादरी, मी स्वतःला म्हटलं, बाकी काही नाही. परसातल्या हंड्यात हळूहळू पाणी ओतलं आणि जाळ घातला. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते उगाच नाही.

नऊला माझ्या चार चादरी दोरीवर फडफडत होत्या, अख्ख्या आळीत एकट्या. समोरच्या टॅबिथा रीसनं दारातून पाहिलं, कमरेवर हात ठेवले आणि शांतपणे म्हणाली, "संपफोडी." सव्वीस सालानंतर आमच्या गावात याच्याहून वाईट शिवी नाही. चोरावरदेखील लोक दया करतात, संपफोड्यावर करत नाहीत. मी तिला उलट म्हटलं, तुझं मत तू बघ, माझ्या चादरी मी बघते. दहा मिनिटांत खालच्या टोकाच्या दोन घरांतून धूर निघायला लागला. गेनॉरनं टाकलं मग आपण का नाही, असं म्हणत होत्या म्हणे. मग तिसऱ्या घरातून. माझ्यापायी हॅनाचा संप डोळ्यांदेखत उसवत चालला होता, आणि तरी मी चादरी काढल्या नाहीत. एवढी मी हट्टी.

तेवढ्यात हॅना आली. टोपीला लाल फीत, हातात मतदारांची यादी. माझ्या फाटकाशी थांबली, चादरींकडे बघितलं, मग वर आभाळाकडे बघितलं, आणि तशीच पुढे निघून गेली. चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. चोराच्या मनात चांदणं, तशी मी दार लावून आत बसले.

अकराच्या सुमाराला वारा फिरला. आवाजावरूनच कळतं आम्हाला. मी धावत परसात गेले तोवर वरून काळा लोट उतरलाच होता. चारही चादरी माझ्या डोळ्यांसमोर काळ्या पडल्या. ओल्या कापडाला चिकटलेली भुकटी पुसायला जावं तर आणखी पसरते. मी तिथेच मटकन बसले आणि खरं सांगते, रडले. चादरींसाठी रडले, आणि शेजारच्या त्या बंद खिडकीमागे आयवरला खोकल्याची उबळ सुरू झाली होती, त्याच्यासाठीही रडले. अठरा वर्षं मी भुकटी झटकत आले होते. तिच्याशी भांडावं असं मला कधी सुचलंच नव्हतं.

मग मात्र माझं डोकं फिरलं. सगळ्यांत काळी चादर ओढून काढली, खांद्यावर टाकली आणि ओल्या एप्रनानिशी, बाह्या वर सारलेल्या, तशीच भररस्त्यानं शाळेकडे निघाले. मतदान शाळेतच होतं. टॅबिथा दारातच होती. तिनं चादर बघितली, माझं तोंड बघितलं आणि शाल घेऊन मागे आली. मग तिची जाऊ आली. ज्यांनी हंडे पेटवले होते त्याही जाळावर पाणी ओतून आल्या. शाळेच्या फाटकाशी पोचले तेव्हा माझ्यामागे चाळीसेक बायका होत्या.

दारात एलायस साहेबांचा एजंट आडवा आला. केंद्रात प्रचाराचं साहित्य आणता येणार नाही, म्हणाला.

"कसला प्रचार?" मी म्हटलं. "ही माझी चादर आहे."

"बाई, हिचा अर्थ काय होतो ते सगळ्यांना कळतंय."

"हिच्यावर एक अक्षर लिहिलेलं नाही," मी म्हटलं. "तुम्हाला जे वाचता आलं ते तुमच्या साहेबांना जाऊन सांगा."

हवालदारानं चादर उलटीपालटी करून बघितली, त्याचे हात काळे झाले. त्याची बायको आमच्याच रांगेत उभी होती. तो म्हणाला, कायद्यात चादरीबद्दल काही नाही, जाऊ द्या. मी आत गेले आणि अशी फुली मारली की कागद फाटायचा राहिला.

रात्री निकाल लागला. हॅना चारशे बारा, एलायस तीनशे एक्याऐंशी. युनियनच्या हॉलात गाणी झाली, आणि त्या रात्री हॅनाच्या बेसूर आवाजाकडे कुणी वळून बघितलं नाही. मग टॅबिथा खुर्चीवर चढली आणि म्हणाली, सकाळी मी गेनॉरला नाही ते बोलले, ती तर डाव टाकत होती. एकच दोरी घालायची, ती काळी होऊ द्यायची आणि गावभर मिरवायची, असलं डोकं एकाही बाप्याला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मला मनुकांचा पाव आणि बिअर दिली. मी काय बोलणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. पाव खाल्ला आणि गप्प बसले.

हॅना पुढे कौन्सिलात बारा वर्षं बसली. दोन नळ, एक दवाखाना आणि शाळेतल्या पोरांना दूध, एवढं तिनं भांडून आणलं. पण शेड बांधून घ्यायलाच तिला दोन वर्षं लागली. तेहतीसच्या एप्रिलमध्ये शेवटचा पत्रा ठोकला गेला त्या दुपारी तिनं मला हाक मारली. मी माडीवर गेले. तिनं खिडकी सताड उघडली. आयवर खुर्चीत डोळे मिटून बसला, एक श्वास घेतला, दुसरा घेतला. खोकला आलाच नाही असं नाही, पण थोडा आला. मग तो खाली बघून म्हणाला, तुझी डावीकडची चादर वाकडी लागलीय, गेनॉर.

तेव्हा मला राहवेना. दोन वर्षं ती मूठ जड झाली होती. मी हॅनाला सगळं सांगून टाकलं. डाव वगैरे काही नव्हता, मी हात वर करून वचन दिलं आणि सोमवार आला तशी मोडलं, एवढंच खरं.

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "मध्ये एवढीशी तर भिंत. तू हंड्यात पाणी ओतलंस ते ऐकलं मी. जिन्यावर बसून रडले."

"मग येऊन थांबवलं का नाहीस?"

"यायला निघाले होते, यानं थांबवलं," तिनं आयवरकडे बोट केलं. "म्हणाला, अकरापर्यंत वारा फिरतोय, माझी छाती सांगतेय. तिला वाळत घालू दे."

ते माझ्या डोक्यात उतरायला जरा वेळ लागला. म्हणजे फाटकाशी उभी राहून तिनं आभाळाकडे बघितलं तेव्हा तिला माहीत होतं. "माझ्या चार चादरी, हॅना," मी म्हटलं. "लग्नातल्या होत्या त्यातल्या दोन. एका शब्दानं सांगायचंस तरी."

"निवडणूक होती, गेनॉर," ती म्हणाली आणि चहा टाकायला खाली गेली.

आयवर खिडकीशी बसून हसत होता. मी संध्याकाळपर्यंत तिच्याशी बोलले नाही, पण पुढच्या प्रत्येक निवडणुकीला मत तिलाच दिलं.