आई मुंबईला दिसली का?

तुम्ही आयुष्यभर सिनेमा पुढून पाहिलात; पडद्याच्या मागे कोण बसलंय, हा प्रश्न तुम्हाला एकदा तरी पडला का?

पडला नसेल. शहरातल्या थिएटरात पडद्यामागे भिंत असते. कवठे महांकाळच्या बाजूला, आमच्या गावच्या जत्रेत जो सिनेमाचा तंबू लागायचा, त्यात पडदा मधोमध टांगलेला असे. पुढे गाव बसायचं, मागे आमची वस्ती. मागचं तिकीट स्वस्त होतं. तिथे कोणी बसायचं हे कुठेही लिहिलेलं नव्हतं आणि लिहायची गरजही नव्हती. खेळाआधी तंबूवाल्याचा माणूस पडद्यावर पाणी मारायचा. कापड ओलं झालं की चित्र मागच्या अंगालाही उजळ उमटायचं. मी लहान असताना एकदा दुष्काळात जनावरांना पाणी मिळेना, तर पडद्याला कुठून मिळणार? त्या वर्षी आई आणि मी अख्खा सिनेमा नुसता ऐकला.

मागून सगळं उलटं दिसतं. नायक डाव्या हाताने तलवार चालवतो, गाडी उजवीकडून येण्याऐवजी डावीकडून येते आणि पाट्या आरशातल्यासारख्या दिसतात. माझे दोन्ही भाऊ सिनेमा शिकले ते याच बाजूला बसून. थोरल्याला आम्ही दादा म्हणतो, मधल्याला आण्णा. मी धाकटी. दादाला उलटी अक्षरं भराभर वाचता यायची. सुरुवातीची नावं तो वस्तीला मोठ्याने वाचून दाखवायचा. मध्येच थांबला की मागून कोणीतरी म्हणायचं, "वाच की रं, त्वांडात काय ल्हाया भरल्यात?" आण्णा काहीच वाचत नसे. तो पडद्याकडे कमी आणि पडद्याच्या उजेडात चमकणाऱ्या माणसांकडे जास्त बघायचा.

सिनेमातल्या बायका पदर उजव्या खांद्यावर घेतात, अशी आम्हा तिघांची पक्की समजूत होती. मुंबईची रीत असेल, असं आम्ही धरून चाललो होतो. शाळेच्या गॅदरिंगला मला शहरातल्या मुलीचं काम मिळालं, तेव्हा मी मोठ्या ऐटीत पदर उजव्या खांद्यावर टाकून आले. गुरुजी म्हणाले, "ही कुठली तऱ्हा गं?" मी म्हणाले, "मुंबईची." सगळा वर्ग हसला. त्यात माझं काय चुकलं ते मला त्या दिवशी कळलं नाही.

वडील पलटणीतून परत आले ते ट्रंकभर पत्रकं आणि पुस्तिका घेऊन. दीक्षेनंतर घरातले देव गेले आणि त्या कोनाड्यात पत्रकं आली. मी त्यांच्यावरच वाचायला शिकले. पत्रकात कोणी रडगाणं गात नाही, मागणी करतं. ते मला आवडायचं. वडील गेल्यानंतरच्या जत्रेत मी आईला म्हणाले, आपण पुढे बसायचं. कायदा आपल्या बाजूने आहे.

आई म्हणाली, "तू बस की. मी कुठं नगं म्हंते?"

"आणि तू?"

"माझी जागा हाय तिथं हाय. माज्या मैतरणी बसत्यात तितं."

मी एकटी पुढे गेले. मला कोणी उठवलं नाही. कोणी काही बोललंही नाही. फक्त माझ्या दोन्ही बाजूंची जागा खेळ संपेपर्यंत मोकळी राहिली. तिथून अक्षरं पहिल्यांदा सुलटी दिसली. पदर डाव्या खांद्यावर होते. विनोदी प्रसंग आला की कापडापलीकडून आमच्या बायकांचं हसणं ऐकू यायचं आणि त्यात आईचं हसणं मला वेगळं ओळखू यायचं. बरोबर बाजूला बसणं इतकं एकटं असतं, हे एकाही पत्रकाने मला सांगितलं नव्हतं. तरीही मी दर जत्रेला पुढेच बसले.

दादा शिकायला पुण्याला गेला आणि मग मुंबईला; बऱ्याच वर्षांनी तिथे टेलिव्हिजन सुरू झालं तेव्हा त्यात लागला. फवारणीचे पंप, कोंबड्यांचे रोग, ठिबकणाऱ्या नळांचं काय करावं, असल्या विषयांवर तो छोट्या छोट्या फिल्मा करायचा. संध्याकाळी त्या दाखवल्या जायच्या आणि संपायच्या. आण्णा टेलिव्हिजनच्या बऱ्याच आधी त्याच्या मागोमाग मुंबईला गेला, त्याच्याच खोलीत पथारी टाकून राहिला आणि हिंदी सिनेमाच्या स्टुडिओत शिरला. कोणी कुठल्या हातात पेला धरला होता, केस कसे होते, हे लक्षात ठेवायचं काम त्याला मिळालं. पहिल्याच दिवशी तो नायिकेला म्हणाला, बाई, पदर उलटा घेतलाय. ती हसून म्हणाली, हा पोरगा आरशातून बाहेर आलाय का? ही गोष्ट आण्णा आम्हाला रंगवून सांगायचा. स्टुडिओत तो कधीच सांगत नसे. कारण पुढचा प्रश्न आला असता, की तू कुठे बसून सिनेमा पाहिलास.

मारामारीचे, गाण्यांचे, रंगीत सिनेमे करत आण्णा मोठा दिग्दर्शक झाला. त्याचा एक सिनेमा इतका चालला की सांगलीत तिकिटासाठी लाठ्या चालल्या. तोवर त्याने आमचं आडनाव टाकून गावावरून पाडलेलं आडनाव लावलं होतं. भिंतीवर चिकटलेलं ते नाव वाचून मला वाटायचं, हा कोण माणूस आहे?

मी औंधजवळच्या एका शाळेत शिक्षिका झाले. एक खोली, एक स्टोव्ह, एक रेडिओ. संध्याकाळी यमाईच्या डोंगरावरचा दिवा दिसायचा आणि त्याच्याकडे बघत मी जेवायचे. लोक म्हणायचे, बाई, तुमचे भाऊ एवढे मोठे. व्हय, म्हणायचे मी. एक भाऊ रोज हजारो घरांत काहीतरी दाखवत होता आणि ते आमच्या डोंगरापर्यंत पोचत नव्हतं. दुसऱ्याचं जे पोचायचं, त्यात तो स्वतः कुठे सापडत नव्हता.

आणीबाणी उठली त्या साली दादाला तंबूतल्या सिनेमावर एक कार्यक्रम करायला मिळाला. त्याने आमच्याच गावची जत्रा निवडली. कॅमेरा आण्णाने धरावा, असा त्याने हट्ट धरला, आणि आण्णा आपलं चाललेलं काम सोडून आला. निवेदन मी लिहायचं ठरलं. आम्ही तिघं कितीतरी वर्षांनी एका चुलीपुढे बसलो होतो. आईने ठेचा केला. मी मनाशी म्हणत होते, हे असंच चालावं.

जत्रेत तंबूवाल्याने थाट केला होता. मुंबईची माणसं म्हणून पुढे खुर्च्या मांडल्या होत्या. तोच आईला बोलवायला आला. "आवं, पुढं या. तुमच्यासाठनं खुर्ची ठिवलीया."

आई नेहमीच्या वाटेने पडद्यामागे निघाली होती. "ऱ्हाऊ द्या. मला हितनंच नीट दिसतंय," ती म्हणाली. "तिकडनं समदं उलटं दिसतं."

तंबूवाला हसला. मी हसले नाही. इतकी वर्षं मी आईला चुकीच्या बाजूला बसलेली समजत होते, आणि तिच्या लेखी चुकीच्या बाजूला मी होते. तरी त्यामुळे तो नियम न्याय्य ठरत नाही, हे मी इथे ठणकावून सांगते.

खेळ सुरू झाला. आण्णा थोडा वेळ पुढच्या गर्दीचं चित्रण करत होता. मग कोणी न सांगता त्याने कॅमेरा उचलला आणि मागे गेला. ओल्या पडद्यातून आलेला उजेड बायकांच्या तोंडावर हलत होता. तो आईसमोर मातीत गुडघे टेकून बसला आणि बराच वेळ उठला नाही. आईला तो दिसलाच नाही. ती सिनेमा बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी परड्यात दोघांचं वाजलं. मी आतून ऐकत होते.

आण्णा म्हणाला, "आईचा शॉट ठेवू नकोस दादा."

"तूच घेतलास न्हवं?"

"घेतला. हात थांबला न्हाई. पण ठेवू नकोस. उद्या कोणी विचारलं, ही म्हातारी कोण, मागं का बसलीया, तर तू काय सांगणार?"

"आमची आई हाय, सांगीन."

"तुला सांगायला काय जातंय? तुझी नोकरी सरकारी. माझ्या सिनेमाला पैसा लावणारी माणसं कोण हायत, ठावं हाय तुला?"

दादा म्हणाला, "बघू. जोडताना ठरवू."

मी बाहेर आले आणि म्हणाले, "शॉट राहणार. मी रात्री निवेदन त्याच्यावरच लिहिलंय. तो काढलात तर माझे शब्दही काढा."

आण्णा माझ्याकडे बघून म्हणाला, "तुझं बरं हाय गं. तुला एकटीनं बसायची सवय हाय."

दोघं एकाच एसटीने गेले. खिडकीतून दादाने हात हलवला.

कार्यक्रम दाखवायची तारीख कळली, तेव्हा मी रजा टाकून गावी आले. आईने त्या संध्याकाळी ठेवणीतलं लुगडं नेसलं, केस विंचरले आणि दारात येऊन बसली. मी तिला सांगितलं, ते जत्रेत आधीच काढून नेलंय, आता इथे कशीही बसलीस तरी चालेल. ती म्हणाली, "व्हय गं, कळतंय मला. पर आज मी मुंबईला दिसनार. फाटक्या लुगड्यात कशी बसू?"

शेजारची मामी जाताना थांबली. "काय आत्तीबाई, मुंबईला निगाला न्हवं? हितं कशा अजून?"

"गाडी चुकली," आई म्हणाली.

आम्ही बसून राहिलो. अंधार पडला. रस्त्यावरून एक बैलगाडी गेली. थोड्या वेळाने आईने विचारलं, "आता दिसत आसंल का गं मी?"

"असशील," मी म्हणाले.

"संपलं आसंल?"

"संपलं असेल."

ती उठून आत गेली आणि लुगड्याची घडी घालून ठेवली.

दादा सुट्टीला आला तेव्हा मी विचारलं. तो म्हणाला, होता, शॉट होता, आईचं तोंड अगदी शेवटी होतं. आण्णा सांगलीला एका समारंभाला आला होता, तिथे गर्दीत गाठून त्यालाही विचारलं. तो म्हणाला, नव्हता, दादाने काढला, मी सांगितलं म्हणून काढला. दादाचा स्वभाव असा, की समोरच्याला बरं वाटावं म्हणून तो खोटं बोलतो. आण्णा खोटं बोलत नाही. पण तो शॉट नसावा अशी त्याची इतकी इच्छा होती, की तो समोर आला तरी त्याला दिसला नसेल. दादा सांगतो, ती फिल्म आता टेलिव्हिजनच्या कपाटात सापडत नाही. दोघांमध्ये बोलणं उरलेलं नाही. आपल्यापैकी खोटारडा कोण, यावरून ते तुटले आणि दोघंही मला म्हणतात, तूच ठरव.

पुढल्या वर्षी आण्णाचा नवा सिनेमा आला. त्यात जत्रा होती, केवढा तरी मोठा तंबू होता, हजारभर माणसं होती आणि सगळी पडद्यापुढे बसलेली होती. मी तो सांगलीत पाहिला. लोक शिट्ट्या वाजवत होते. मध्यंतरात मी बाहेर आले आणि सरळ बसस्टँडवर गेले.

आई अजून विचारते. मी गावी गेले की भाकरी थापता थापता विचारते, "माजं त्वांड आलं हुतं का गं त्यात?" हो म्हणणं सोपं आहे. वस्तीतल्या सगळ्यांनी सांगून पाहिलं, म्हणून टाक. मी म्हणत नाही. पुरावा नसताना हो म्हणायला मी शिकलेले नाही आणि तिला खोट्या समाधानावर ठेवायची नाही. गिरणीत काम करणाऱ्या आमच्या माणसांना विचारलं. त्यांच्या चाळीत टीव्ही नाही.

म्हणून तुम्हाला विचारते. आणीबाणी उठली त्या साली तुम्ही मुंबईत किंवा पुण्यात असाल, तुमच्या घरी किंवा शेजारी टीव्ही असेल, आणि एका संध्याकाळी तंबूतल्या सिनेमावरचा कार्यक्रम तुम्ही पाहिला असेल, तर आठवून बघा. एक म्हातारी, कपाळ उघडं, पदर डोक्यावर, तोंडावर हलता उजेड. ती दिसली असेल तर मला कळवा. दिसली नसेल, तरी कळवा. माझ्या भावांना विचारू नका. आणि माझं मन राखायला काही लिहू नका. तुमच्या डोळ्यांनी जे पाहिलं तेवढंच लिहा, मी ते आईला वाचून दाखवेन.