बुधवारची गाढवी

"आधी सुई, मग गाढवी." कुणी बाळ घेऊन उपकेंद्राच्या पायरीशी आलं की सिस्टर लशीचा डबा थोपटत एवढंच म्हणायच्या.

अशा खमक्या सिस्टर तुम्हीही पाहिल्या असतील. पण उपकेंद्राच्या दारात गाढवी बांधून घेणाऱ्या आमच्याच.

कोपरगावकडच्या आमच्या गावात डांग्या खोकल्यावर गाढवीचं दूध हा जुना इलाज. बाळ खोकून खोकून निळं पडलं, तरी लोक दवाखान्याआधी गाढवीवाल्या म्हाताऱ्याला गाठायचे. लशीनं ताप येतो म्हणून सिस्टर दिसल्या की बायका बाळं लपवायच्या. मग खुद्द गाढवीवाल्याच्या नातवाला डांग्या खोकला झाला. दूध घरचंच, तरी खोकला हटेना. सिस्टरनी त्याला तालुक्याला नेलं, पोर वाचलं. तेव्हापासून दर बुधवारी, लशीच्या दिवशी, म्हातारा गाढवी आणून उपकेंद्राच्या दाराशी बांधू लागला.

बायका गाढवीसाठी यायच्या आणि सुईच्या रांगेत लागायच्या. चमचाभर दूध सिस्टर उकळून आईलाच पाजायच्या. एका आजीनं हटकलं, "अवो, खोकला पोराला व्हतो, आईला न्हाई."

"पोर कुनाचं दूध पितं?"

"आईचं."

"मग पोचतंय की."

मी शेजारच्या शाळेत विज्ञान शिकवतो. जीवाणू, लस, सगळं फळ्यावर लिहितो. तरी माझ्या अडीच महिन्यांच्या नातीचा पहिला डोस तापाच्या भीतीनं मीच लांबवला होता. वस्तीवर खोकला आल्याचं कळलं, तेव्हा मधल्या सुट्टीत डोक्याला टॉवेल गुंडाळून, नातीला घेऊन मी मागच्या बाजूनं थेट गाढवीपाशी गेलो.

"गुरुजी, रांग तिकडं हाय," सिस्टर म्हणाल्या. सगळ्या बायका वळल्या. "आन् टावेल काढा, गाढवी बुजती."

नातीला सुई टोचली. मग त्यांनी चमचा पुढे केला. "आई आली न्हाई? मग तुमीच प्या."

मी प्यायलो. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या.

दुसऱ्याच दिवशी मी तक्रार लिहिली. सरकारी आवारात जनावर, मुलांच्या अभ्यासात व्यत्यय. सही केली नाही. महिन्याच्या आत गाढवी दारातून हटली आणि सिस्टरची बदली जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला झाली.

जाताना त्या शाळेत आल्या. फळ्याकडे बघत राहिल्या. "अक्षर लई छान हाय तुमचं, गुरुजी," म्हणाल्या. "आन् नातीचा दुसरा डोस येत्या बुधवारी. इसरू नका."

त्या बुधवारी नव्या सिस्टरसमोर एकच बाळ होतं, माझी नात. बाकीची घरात होती, आणि वस्तीवरचा तो खोकला आता आमच्या गल्लीत ऐकू येत होता. मी तिथूनच म्हाताऱ्याकडे गेलो.

आता बुधवारी मधल्या सुट्टीत गाढवीचा दोर माझ्या हातात असतो. कुणी तक्रार केली तर उत्तर सहीनिशी देईन. पोरं हसतात, बायका येतात. "आधी सुई, मग गाढवी," मी म्हणतो.

आधीच्या सिस्टर जेवणाच्या डब्यातली अर्धी भाकरी गाढवीला द्यायच्या. मीही नेतो. ती भाकरी हुंगते, पण खात नाही. मान वळवून उपकेंद्राच्या दाराकडे बघत उभी राहते.