कापसाच्या बंडीवरची सून

वेंधळेपणा मी जन्मभर पुष्कळ केला, पण त्यातला सगळ्यात उंच वेंधळेपणा कापसाच्या बंडीत, म्हणजे बैलगाडीत. बंडी रिकामी आहे एवढंच पाहून मी तिच्यात शिरले. भरल्यावर काय होईल, हे डोक्यातच आलं नाही. आणि म्हणे सातवी पास!

मला उंचीचं भेव. पांढुर्ण्याच्या मावशीच्या माडीवरून मी बसून, एकेक पायरी घसरत उतरायची. परकर मागून कायम मळलेला. लग्न ठरलं तेव्हा आईनं बजावलं, "तिकडे बोलू नको वं हे. पोरीत खोट आहे म्हणून परत पाठवतील."

सौसरच्या मास्तरांची मी लेक, बोरगावच्या शेतकऱ्याघरी पडले. तिथं स्वयंपाकघरावरच माळा! पापड, चिंच, वर्षाचं सगळं वर. सासूबाई म्हणायच्या, "जा वं, चिंच काढ." की माझं डोकं दुखायचं. दुसऱ्या दिवशी उपास, तिसऱ्या दिवशी चक्कर. सासूबाईंचे गुडघेही नेमके शिडी पाहिली की ठणकत. शेवटी मामंजी, म्हणजे माझे सासरे, शेतातून येऊन चिंच काढत.

त्या हिवाळ्यात राज्यांची नवी वाटणी झाली; नागपूर मुंबईकडे गेलं आणि आम्ही भोपाळकडे. गावात दुसरा विषय नव्हता. अशात एका सकाळी मामंजींनी सौसरच्या जीनवर, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, न्यायला कापूस भरायला काढला. बंडीला चारी बाजूंनी उंच तट्टे बांधतात आणि आत कुणीतरी उभं राहून ओतलेला कापूस तुडवतं, म्हणजे जास्त मावतो. मी आपणहून पुढं झाले. म्हटलं, हे काम बरं, शिडी नाही की काही नाही. टोपल्या येत गेल्या, मी मजेत तुडवत गेले. पायांना गुदगुल्या होत होत्या. सहज खाली पाहिलं तर मामंजींच्या टोपीचा माथा दिसला. आणखी दहा टोपल्यांनी घराची कौलं, आणि कौलांवर अडकलेला कुणाचा तरी जुना चेंडू.

"झालं, उतर आता," आमचे हे खालून म्हणाले.

"येते. तुम्ही व्हा पुढं."

"पुढं कसा होऊ? बंडी तर हीच हाय!"

मी पालथी पडले, दोन्ही मुठींत कापूस. ह्यांनी शिडी लावली; ती पाहून मी डोळेच मिटले. मामंजी म्हणाले, "राहू दे वरच. जीनवर उशीर होऊन राहिला."

जीनची वाट बाबांच्या दारावरूनच. अशी मी माहेरी गेले, कापसावर पालथी. बाबा दारात शेजाऱ्यांना नव्या राज्याची बातमी वाचून दाखवत होते. एका शेजाऱ्यानं मान वर केली. "मास्तर, तुमची लेक भोपाळले निघाली का?" बाबांनी पेपर तोंडावर धरला. मी पदर धरला.

जीनच्या फाटकावर कापूस घेणारा माणूस हसून हसून वाकला. "पाटील, सुनेची बी सरकी काढाची हाय का?"

गड्यांनी कापूस उपसायला घेतला. टोपलीटोपलीनं मी खाली येत गेले. जशी चढले तशीच उतरले, एकही पाय न उचलता.

परतताना रिकाम्या बंडीत हुशारी उरली नव्हती. आता सगळ्यांना कळलं होतं. मनातल्या मनात मी माझं गाठोडंही बांधून ठेवलं. बातमी माझ्याआधी घरी पोचलेली. सासूबाई दारातच उभ्या. मी रडत सगळं ओकले: मावशीची माडी, खोटी डोकेदुखी, खोटे उपास, आईची ताकीद.

त्यांनी मामंजी बैल सोडायला गेल्याची खात्री केली, मला ओढत माळ्याखाली नेलं आणि कानाशी येऊन म्हणाल्या,

"अवं, तोंडानं सांगाचं ना! मले बी तो माळा चढता येत नाही. म्हणून तर तुले घाईघाईनं घरात आणलं होतं!"