गंतव्य स्थान: जिंतूर

सरकीचा वास आला की मला पेडगावचा वजनकाटा आठवतो. कापूस खरेदीचा पहिला दिवस होता, रस्त्यावर गाड्यांची रांग लागली होती आणि नवा प्रोग्राम बसवल्याशिवाय काटा सुरू करायची परवानगी नव्हती. त्याचा सेटअप मी परभणीच्या कार्यालयात बसून बनवला होता. त्यातल्या सूचनांचं मराठी मात्र साहेबांनी स्वतः केलं होतं आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. काट्यावरच्या बाईंचा फोन आला. "सर, हे गंतव्य स्थान विचारायलंय. मी जिंतूर लिहिलं, तर चूक म्हनायलंय." जिंतूर का, असं मी विचारलं. "कापूस तिकडंच जायलाय की, जिनिंगला." कॉम्प्युटरला प्रोग्राम कोणत्या फोल्डरमध्ये ठेवायचा एवढंच हवं होतं, पण शब्दाला धरून पाहिलं तर बाईंचं उत्तर बिनचूक होतं. साहेब म्हणाले, "त्यांना प्रशिक्षण द्या." मी सेटअपच्या स्क्रिप्टमध्ये चार ओळी घातल्या: फोल्डर तूच निवड आणि गंतव्य विचारणारं पान दाखवू नकोस. नवी फाईल पाठवली आणि फोन कानाला लावून बसलो. पलीकडे गाडीवाल्यांची कुरकुर चालली होती, मग एक ट्रॅक्टर घरघरत काट्यावर चढला. "काटा चालू झाला, सर. पर आता गंतव्य कसं न्हाई विचारलं यानं?" मी म्हणालो, "त्याला कळलं, बाई." त्या हंगामात राणीसावरगावपर्यंत सगळ्या काट्यांवर माझा हाच बदललेला सेटअप गेला. साहेबांनी अहवालात त्याला 'प्रणाली सुलभीकरण' म्हटलं. त्यानंतर मी पुष्कळ अहवाल वाचले. "काटा चालू झाला, सर" याच्या तोडीचा एकही नाही.